दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदला म्हणतात, डायरीत लिहायचा नाही म्हणतात, मग लक्षात ठेवायचा कसा?

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, तुमच्यावर नाही, तुमच्या आयटीवाल्यावर, कारण वीस वर्षांपूर्वी मी पण अगदी असाच ओरडायचो. ज्यांनी प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ताई सातपूरला साठेक माणसांच्या कंपनीत अकाउंट्सला आहेत, विंडोजचा पासवर्ड दर ४५ दिवसांनी बदलावा लागतो, त्यात मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा आणि खूण असं सगळं पाहिजे, मागचे दहा परत चालत नाहीत, वर टॅली, मेल, बँक, जीएसटी, इन्कम टॅक्स हे वेगळेच. म्हणून त्या डायरीत लिहितात आणि डायरी ड्रॉवरमध्ये ठेवतात, ते पाहून आयटीवाला चिडला. आणि साहेब टूरवर जाताना बँकेचा स्वतःचा पासवर्ड यांनाच देऊन जातात, हे जाता जाता एका ओळीत लिहिलंय, पण माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ तोच आहे, त्यावर येतोच.

मी भोसरीत एका कारखान्यात सिस्टीम अॅडमिन म्हणून लागलो, आता दहा-बारा छोट्या कंपन्यांचे सर्व्हर, मेल, लायसन्स असलं सगळं बघतो, म्हणजे रोज सकाळी पहिला फोन "लॉगिन होत नाहीये" हाच. उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. पासवर्ड अवघड असून उपयोग नाही, तो लांब पाहिजे आणि फक्त एकाच ठिकाणी वापरलेला पाहिजे. आणि डोक्यात सगळे ठेवायचेच नाहीत, तीन ठेवायचे: ऑफिसच्या कॉम्प्युटरचा, मुख्य मेलचा (तो कॉम्प्युटरचाच असेल तर दोनच झाले) आणि पासवर्ड मॅनेजरचा, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलपात सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा. बाकी सगळे मशीनने बनवायचे, मशीनने लक्षात ठेवायचे.

आता तुम्ही म्हणाल माझा तर अवघड आहेच, मोठं अक्षर आहे, अॅट आहे, आकडे आहेत. बरोबर, पण मी न बघता सांगतो तो कसा असेल. पहिलं अक्षर मोठं, मग एक नाव, मुलाचं किंवा देवाचं किंवा कंपनीचं, मग @, मग १२३ नाहीतर साल. गणेश@१२३, साईराम@२०२४, अॅडमिन@१२३. मी ज्या ऑफिसात जातो तिथे निम्मे पासवर्ड या साच्यातले निघतात, आणि यात लोकांचा दोष कमी आहे, आपल्याला हे शिकवलंच गेलंय. ई-आधारची पीडीएफ उघडायला नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, इन्कम टॅक्सचं एआयएस, म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांचा उतारा, उघडायला पॅन आणि जन्मतारीख. माणसाला वाटतं सरकारच असं करतं म्हणजे पासवर्ड असाच असतो! त्या पीडीएफचं काम वेगळं आहे हो, ती फाइल येताजाता कोणी सहज उघडू नये एवढ्यापुरतं ते कुलूप आहे. तोच साचा तुम्ही लॉगिनला लावला की तुमचं नाव आणि वाढदिवस माहीत असणारा कोणीही, म्हणजे तुमचा अख्खा व्हॉट्सअॅप ग्रुप, चार-पाच प्रयत्नांत आत येतो.

पण खरा चोर लॉगिनच्या पडद्यासमोर बसून अंदाज लावत नाही, तिथे पाच वेळा चुकलं की अकाउंट लॉक होतं. तो काय करतो तर कुठून तरी पासवर्डचे हॅश उचलतो. हॅश म्हणजे पासवर्ड दळून केलेलं पीठ समजा, पिठाचे परत गहू होत नाहीत. पण चोर स्वतःकडचे वेगवेगळे गहू दळून बघतो की पीठ जुळतंय का, आणि त्याची गिरणी भयंकर वेगवान आहे. गेम खेळणारी पोरं वापरतात त्यातलं आरटीएक्स ४०९० हे एक ग्राफिक्स कार्ड विंडोजच्या जुन्या पद्धतीचे, म्हणजे एनटीएलएमचे हॅश सेकंदाला साधारण २८,००० कोटी या वेगाने तपासतं. आठ लहान अक्षरांचे सगळे पासवर्ड मिळून २०,८८२ कोटी होतात, म्हणजे एक सेकंद पण लागत नाही. बरं त्यात मोठी अक्षरं, आकडे, खुणा सगळं घातलं, पण लांबी आठच ठेवली, तर किती? साडेसहा तास. एका कार्डवर. म्हणजे जो आठ अक्षरी पासवर्ड पाठ करताना तुमच्या नाकीनऊ आले तो दुपारच्या जेवणापासून रात्रीच्या जेवणापर्यंत पण टिकत नाही. चांगल्या वेबसाइट बीक्रिप्टसारखी मुद्दाम संथ गिरणी वापरतात, तिथे हाच वेग लाखो पटींनी कमी होतो, पण कोण काय वापरतं हे आपल्याला बाहेरून दिसत नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहायचं नाही.

आणि साडेसहा तास सुद्धा तेव्हा, जेव्हा पासवर्ड खरंच वेडावाकडा असेल. माणसाने ठेवलेला असेल तर आधी यादी चालवतात. २००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीतून ३.२ कोटी पासवर्ड फुटले, तेही हॅश न करता जसेच्या तसे साठवलेले, आणि त्यांची यादी आज काली लिनक्स या हॅकिंग शिकायच्या सिस्टीमबरोबर आयती मिळते, शिकणारी पोरं पण तीच वापरतात. त्यानंतर अशा किती याद्या आल्या त्याला गणती नाही. यादीतला प्रत्येक शब्द घ्यायचा, पहिलं अक्षर मोठं करायचं, शेवटी १२३ लावून बघायचं, साल लावून बघायचं, ए च्या जागी @ आणि ओ च्या जागी शून्य घालून बघायचं, हे सगळं त्यांच्या प्रोग्रॅममध्ये नियम म्हणून बसवलेलंच असतं. म्हणजे आपण जी हुशारी करतो ती त्यांना आधीच पाठ आहे.

आता दुसरा भाग, एकाच ठिकाणी वापरलेला पाहिजे हा. माझ्या अनुभवात छोट्या ऑफिसात अंदाज लावून फुटलेला पासवर्ड मी क्वचित पाहिला, फुटतात ते दुसरीकडे वापरलेले. तुम्ही कुठल्या तरी साड्यांच्या साइटवर ऑफिसचा मेल आयडी आणि ऑफिसचाच पासवर्ड टाकून खातं उघडलं, ती साइट फुटली, आता चोराकडे मेल पण आहे आणि पासवर्ड पण, तो हीच जोडी जीमेलला, ऑफिस ३६५ ला, सगळीकडे लावून बघतो, मशीनच बघतं, त्याला काही कष्ट नाहीत. मोठमोठे यात सापडलेत. लिंक्डइनमधून २०१२ ला आधी ६५ लाख हॅश बाहेर आले असं वाटलं, २०१६ ला कळलं की आकडा ११ कोटींच्या वर आहे. त्याच २०१२ सालात ड्रॉपबॉक्समध्ये चोर शिरला तो त्यांच्याच एका कर्मचाऱ्याने दुसरीकडचा पासवर्ड ऑफिसला पण ठेवला होता म्हणून. म्हणजे ज्यांचा धंदाच लोकांच्या फाइली सांभाळायचा, त्यांची ही गत, तर आपलं काय. तुमचा मेल कुठल्या फुटीत सापडलाय का हे बघायचं असेल तर ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाची हॅव आय बीन पोन्ड ही साइट आहे, २०१३ पासून चालू आहे, फक्त मेल आयडी टाकायचा. लाल आलं तर घाबरू नका, माझा स्वतःचा जुना मेल आयडी त्यात बऱ्याच ठिकाणी आहे, त्या त्या साइटचा पासवर्ड बदलायचा आणि तोच अजून कुठे कुठे लावला होता ते आठवायचं, खरं काम ते आठवण्याचं आहे.

बनवायचा कसा? माझी पद्धत: पाच शब्द, एकमेकांशी काही संबंध नसलेले, मध्ये डॅश. भाकरी-कंदील-टेम्पो-जावई-खडू असं काहीतरी, रोमन अक्षरांत टाइप करायचं. (हाच उचलू नका, आता तो जगजाहीर झाला.) कॉम्प्युटरने मोठं अक्षर आणि आकडा मागितला तर एका शब्दाचं अक्षर मोठं करा आणि मध्येच कुठेतरी एक आकडा घुसडा, डॅश ही खूण झालीच, तिन्ही नियम पाळले गेले. आणि चित्र डोळ्यासमोर आणा, टेम्पोत कंदील लावून जावई भाकरी खातोय, तिसऱ्या दिवशी बोटं आपोआप चालतात.

फक्त एक अट आहे आणि तिथेच सगळे चुकतात. शब्द तुम्ही मनाने निवडायचे नाहीत. मनाने निवडले की घर, आई, पाऊस, गावाचं नाव, कुलदैवत, हेच येतं, तुमचं पण आणि माझं पण. सापशिडीचा फासा घ्या. १९९५ साली अर्नोल्ड राइनहोल्ड नावाच्या माणसाने डाइसवेअर म्हणून पद्धत काढली, ७,७७६ शब्दांची यादी, फासा पाच वेळा टाकायचा, जे पाच आकडे येतील त्या नंबरचा शब्द घ्यायचा. सहाचा पाच वेळा गुणाकार केला की ७,७७६ होतात, म्हणून यादी तेवढी. असे पाच शब्द काढले तर त्याच ४०९० कार्डला सगळे पर्याय तपासायला तीन वर्षं लागतात, सहा शब्द काढले तर चोवीस हजार वर्षं. एक शब्द वाढवला तर एवढा फरक पडतो! इंग्रजी यादी नको असेल तर घरातला जाडजूड मराठी शब्दकोश घ्या, डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा, जो शब्द येईल तो, अगदीच उच्चारता येत नसेल तर पुढचा. फाशाइतकं चोख नाही हे, पण मनाने निवडण्यापेक्षा शंभर पटीने बरं. आणि मराठी शब्दांचा एक फायदा पण आहे, रोमनमध्ये आपलं स्पेलिंग ठरलेलं नसतं, वांगं हे व्ही ने लिहायचं का डब्ल्यू ने, ए एक का दोन, प्रत्येकाचं वेगळं. पण एक ठरवा आणि तेच ठेवा, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल. अभंगाची ओळ, गाण्याचा मुखडा, म्हण, घोषणा हे नको, ते सगळं इंटरनेटवर आहे म्हणजे यादीत असणार असंच धरा.

काही जण विचारतात की सरळ देवनागरीतच पासवर्ड ठेवला तर? विंडोज घेतं तसं, पण तुमच्याच कॉम्प्युटरवर लॉगिनच्या वेळी कीबोर्ड इंग्रजीवर असतो, दुसऱ्याच्या मशीनवर मराठी कीबोर्डच नसतो, मोबाइलवरचा मराठी कीबोर्ड तोच शब्द वेगळ्या कोडमध्ये पाठवू शकतो, तेव्हा त्या फंदात पडू नका. याच्या उलट प्रकार रोज होतो: कोणीतरी पत्र लिहायला कीबोर्ड मराठी केला, तसाच मशीन लॉक करून जेवायला गेले, आल्यावर पासवर्ड टाकतात तर चूक, परत चूक, पाचव्यांदा लॉक, मग मला फोन. आधी खाली कोपऱ्यात भाषा कोणती आहे ते बघा, मग कॅप्स लॉक, मग लॅपटॉप असेल तर नंबर लॉक, आणि डोळ्याचं चिन्ह दाबून काय टाइप होतंय ते बघा, मगच मला शिव्या द्या.

आता ४५ दिवसांचं. हे खूळ आलं कुठून माहितीये? अमेरिकेत एनआयएसटी म्हणून सरकारी संस्था आहे, मोजमापं आणि मानकं ठरवणारी, तिथल्या बिल बर यांनी २००३ साली एक मार्गदर्शक कागद लिहिला, मोठी-लहान अक्षरं, आकडे, खुणा, ठराविक दिवसांनी बदल, आणि जगभरच्या कंपन्यांनी तो वेदवाक्य म्हणून घेतला. २०१७ ला याच बर साहेबांनी वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितलं की आपण जे लिहिलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी एनआयएसटीने नियमच बदलला: पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर उगाच बदलायला लावू नका आणि अमुक खूण घाला तमुक आकडा घाला ही सक्ती पण नको, त्यापेक्षा फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी ताडून बघा. २०२५ ची आवृत्ती अजून स्पष्ट आहे, पासवर्ड एकटाच पहारा देत असेल तर किमान १५ अक्षरं. मायक्रोसॉफ्टने पण २०१९ ला विंडोज १० च्या आपल्या शिफारशींतून ठराविक मुदतीने बदलायचा नियम काढून टाकला.

कारण साधं आहे. माणसाला बदलायला लावलं की तो बदलत नाही, सरकवतो. दिवाळी@२०२४ चं दिवाळी@२०२५, शेवटच्या ७ चं ८. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या लोकांनी २०१० साली त्यांच्याच विद्यापीठातली जुनी सात हजारांवर अकाउंट तपासली, तर जुना पासवर्ड माहीत असेल तर ४१ टक्के वेळा नवा काही सेकंदांत काढता आला. म्हणजे चोर एकदा आत आला असेल तर तुमच्या ४५ दिवसांनी तो बाहेर जात नाही, फक्त तुम्हाला त्रास.

हे सगळं तुमच्या आयटीवाल्याला दाखवा, पण भांडू नका, कारण त्या बिचाऱ्याच्या हातात नसतं बऱ्याचदा. मोठा ग्राहक ऑडिटला माणूस पाठवतो, त्याच्या चेकलिस्टमध्ये "पासवर्ड किती दिवसांनी बदलतो" हा रकाना असतो, तिथे काहीतरी आकडा भरावा लागतो. मी दोन कंपन्यांत हे ४५ वरून वर्षावर नेलं, बदल्यात लांबी १५ केली आणि सगळ्यांना मोबाइलवरचं दुसरं कुलूप (पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोड) लावलं, ऑडिटरला लेखी कारण दिलं, त्याने मान्य केलं. तिसऱ्या ठिकाणी नाही केलं, तिथे अजून ९० आहे, चालायचंच.

तोपर्यंत ४५ दिवसांशी जुळवून घ्यायचं तर सरळ पाच नवे शब्द काढा, आणि ते मंगळवारी सकाळी आल्या आल्या करा. शुक्रवारी संध्याकाळी बदललेला पासवर्ड सोमवारी आठवत नाही हे मी शपथेवर सांगतो. दिवसभरात चार-पाचदा विंडोज आणि एल दाबून मुद्दाम लॉक करा आणि परत उघडा, संध्याकाळपर्यंत बोटांना पाठ होतो. बदलायचा तो ऑफिसच्या नेटवर्कवर असताना, कंट्रोल ऑल्ट डिलीट दाबून, कारण घरी बसून वेबवरून बदलला तर लॅपटॉपला तो कळत नाही, तो जुनाच मागत बसतो आणि तुम्ही नवा टाकत बसता. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बदलायच्या आधी मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, किंवा निदान लगेच त्यातल्या मेल अॅपमध्ये नवा भरा. नाहीतर होतं काय की फोन तुमच्या पर्समध्ये बसून जुन्या पासवर्डने दर काही मिनिटांनी मेल आणायला जातो, चुकतो, परत जातो, आणि तुमचं अकाउंट लॉक. तुम्ही काहीच केलेलं नसतं, आयटीवाला उघडून देतो, दहा मिनिटांत परत लॉक. एका ऑफिसात मी दोन दिवस हे भूत शोधत होतो, शेवटी सर्व्हरच्या लॉगमध्ये ४७४० नंबरच्या नोंदीवरून माग काढत गेलो तर बाईंचा जुना टॅब निघाला, घरी नातू कार्टून बघत होता त्याच्यावर.

पासवर्ड मॅनेजर सुरक्षित आहे का? हो, तुमच्या डायरीपेक्षा आणि एक्सेलपेक्षा नक्कीच. (प्रत्येक ऑफिसात "पासवर्ड" याच नावाची एक एक्सेल फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये असतेच, तुमच्याकडे पण असणार, चोर आत आल्यावर पहिलं काम हा शब्द सर्च करायचं करतो.) कीपास फुकट आहे, फाइल तुमच्याच मशीनवर राहते, पण तिचा बॅकअप तुम्ही घ्यायचा. बिटवॉर्डनची पण फुकट आवृत्ती आहे, ते मोबाइलवर पण चालतं. ऑफिसचे पासवर्ड ठेवायचे तर आयटीला विचारून कंपनीच्या नावाने घ्या, स्वतःच्या खाजगी खात्यात कंपनीचे पासवर्ड नकोत, उद्या तुम्ही सोडून गेलात तर दोघांनाही ताप. २०२२ ला लास्टपासमधून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या हे खरं आहे, कोणीतरी तुम्हाला ते सांगेलच. त्या तिजोऱ्यांतले पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, म्हणजे ज्यांचा मास्टर पासवर्ड (मॅनेजर उघडायचा) लांब आणि कुठेच न वापरलेला होता त्यांची तिजोरी फोडणं अवघड, ज्यांनी तिथे पण साईराम@१२३ ठेवला त्यांची पंचाईत. म्हणून मास्टरला सहा शब्द ठेवा.

मॅनेजरचा अजून एक गुण आहे जो लोकांना लक्षात येत नाही. तो पत्ता बघून भरतो. बँकेच्या नावासारखी दिसणारी खोटी साइट आली, एक अक्षर इकडचं तिकडे, तर तुमचे डोळे फसतील, तो फसत नाही, तो गप्प बसतो. नेहमी आपोआप भरणारा पासवर्ड आज भरला जात नाहीये असं दिसलं की हाताने टाइप करायची घाई करू नका, आधी वरचा पत्ता वाचा. ब्राउझरमध्ये सेव्ह करणं याबद्दल विचाराल तर, मशीन फक्त तुमचं असेल आणि त्यात क्रॅक केलेलं काही टाकलेलं नसेल तर वाईटातलं बरं, पण दोन शिफ्टला दोन माणसं वापरतात अशा मशीनवर अजिबात नको. फुकटच्या क्रॅक सॉफ्टवेअरबरोबर जे व्हायरस येतात त्यातले बरेचसे पहिलं ब्राउझरमधलेच पासवर्ड गोळा करून पाठवतात.

डायरीवर मात्र मी तुमच्या आयटीवाल्याइतका कडक नाही. कागदावर लिहिलेलं चीनमधून कोणी चोरू शकत नाही. पण ड्रॉवर ही जागा नव्हे, ऑफिसात कोणाची किल्ली कोणाच्या ड्रॉवरला लागते आपल्याला माहितीये! मास्टर पासवर्ड एका पाकिटात घालून घरी कपाटात एलआयसीच्या कागदांबरोबर ठेवा, त्यावर पासवर्ड असं लिहू नका म्हणजे झालं.

आता साहेबांचं. ताई, हे ऐका. बँकेच्या कॉर्पोरेट नेट बँकिंगमध्ये मेकर आणि चेकर अशी दोन माणसं मुद्दाम ठेवलेली असतात, एकाने पेमेंट भरायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं. तुमच्याकडे मेकरचा तुमचा आणि चेकरचा साहेबांचा असे दोन्ही पासवर्ड आले की दोन कुलपांचं एकच कुलूप झालं, आणि दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे. चोराने तुमचं एक मशीन घेतलं की झालं. आणि चोर आला नाही तरी, वर्षभराने एखाद्या पेमेंटवर वाद झाला तर लॉगमध्ये साहेबांचं नाव दिसेल आणि साहेब म्हणतील मी तर त्या दिवशी कोइमतूरला होतो. तेव्हा बोट कोणाकडे? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी मध्ये दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तुम्ही लबाडी केली नाहीये, पण ते शाबीत करत बसायची वेळ तुमच्यावर का यावी? बँकेचं अॅप साहेबांच्या मोबाइलवर असतंच, कोइमतूरहून दोन मिनिटांत मंजूर करता येतं. सांगायचं असं: "साहेब, तुमचा पासवर्ड माझ्याकडे नको, पेमेंट भरून ठेवते, तुम्ही फोनवरून पास करा, ऑडिटला पण बरं दिसेल." ऑडिट हा शब्द वापरा, तो चालतो. मेलसाठी पण तेच, रजेवर जाताना पासवर्ड द्यायची गरज नाही, आउटलुकमध्ये दुसऱ्याला मेलबॉक्स बघायची परवानगी देता येते, आयटीवाला पाच मिनिटांत करून देतो. आणि आयटीवाल्याला तुमचा पासवर्ड कधीच लागत नाही, आमच्याकडे रिसेटचं बटण असतं, म्हणून "आयटीतून बोलतोय, पासवर्ड सांगा" असा फोन आला तर तो मी जरी असलो तरी ठेवून द्या.

आम्हा आयटीवाल्यांची चूक पण सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यालाच शिकवतो. एका कारखान्यात सव्वाशे मशीनवर लोकल अॅडमिनचा, म्हणजे मशीनवर सगळं करू शकणाऱ्या खात्याचा पासवर्ड मी एकच ठेवला होता, सोयीसाठी, फिरताना लक्षात राहतो म्हणून. दिवाळीच्या सुट्टीत स्टोअरच्या एका मशीनमध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलं, त्याने तो एक पासवर्ड काढला आणि त्याच किल्लीने एकेक करत चाळीसच्या वर मशीन लॉक केली, बॅकअपची हार्ड डिस्क पण सर्व्हरला लावलेलीच होती, ती पण गेली. भाऊबीजेला मी तिथे जमिनीवर बसून विंडोज टाकत होतो आणि अकाउंट्सवाले कागदी व्हाउचरवरून टॅलीत परत एंट्री करत होते, त्यांच्या नजरेला नजर देववत नव्हती. मायक्रोसॉफ्टचं लॅप्स म्हणून टूल आहे, २०१५ पासून फुकट, प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड आपोआप लावतं. मला ते माहीत होतं, लावायचं राहिलं होतं. तुमच्या आयटीवाल्याने हे वाचलं तर आजच लाव म्हणावं.

आणि सोडून गेलेल्या माणसांची अकाउंट. अमेरिकेत २०२१ च्या मे मध्ये कोलोनियल पाइपलाइन ही तेलाची मोठी लाइन पाच-सहा दिवस बंद पडली, पंपांवर रांगा लागल्या, कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली, आणि चोर शिरले होते ते एका व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचा रस्ता) खात्याच्या पासवर्डने, ते खातं कोणी वापरत पण नव्हतं आणि त्याला दुसरं कुलूप नव्हतं. तुमच्याकडे मागच्या वर्षी सोडून गेलेल्या पोराचा मेल अजून चालू आहे का, एकदा विचारून बघा, मी पैज लावतो.

दुसरं कुलूप म्हणजे मोबाइलवरचा कोड किंवा अप्रूव्ह. जिथे मिळेल तिथे लावा, मेलला तर आजच. एसएमएसच्या ओटीपीपेक्षा ऑथेंटिकेटर अॅप बरं, त्यात दर ३० सेकंदांनी आकडा बदलतो आणि सिम बदलून कोणी तो पळवू शकत नाही. फक्त, आपण लॉगिन करत नसताना फोनवर "अप्रूव्ह करा" आलं तर ते दाबायचं नाही, कितीही वेळा आलं तरी. उबरमध्ये सप्टेंबर २०२२ ला हेच झालं, चोराकडे एका कंत्राटदाराचा पासवर्ड होता, त्याने परत परत अप्रूव्हची विनंती पाठवून माणसाला वैतागवलं, व्हॉट्सअॅपवर आयटीवाला बनून मेसेज पण टाकला, शेवटी त्याने दाबलं. तुमच्या फोनवर असं आलं तर नाही दाबा आणि लगेच पासवर्ड बदला, कारण विनंती आली याचा अर्थच हा की पासवर्ड कोणाकडे तरी पोचलाय. ऑथेंटिकेटर लावताना जे बॅकअप कोड देतात ते प्रिंट करून त्याच एलआयसीच्या पाकिटात, फोन पाण्यात पडला तर तेच कामाला येतात.

चुकून खोट्या साइटवर पासवर्ड टाकला गेलाच, तर लपवू नका. लोक लाजेने दोन दिवस बोलत नाहीत आणि त्या दोन दिवसांतच सगळं होतं. मेलमधल्या लिंकवरून नाही, स्वतः पत्ता टाइप करून जा, पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, आणि मग मेलच्या सेटिंगमध्ये रूल्स आणि फॉरवर्डिंग बघा. हे कोणी बघत नाही. चोर आत आला की "इनव्हॉइस" किंवा "पेमेंट" शब्द असलेले मेल गुपचूप दुसऱ्या फोल्डरला जातील असा रूल लावून ठेवतो, पासवर्ड बदलला तरी तो रूल तसाच राहतो, आणि महिन्याने तुमच्या सप्लायरच्या नावाने "आमचं बँक खातं बदललंय" असं पत्र येतं. असं पत्र आलं तर सप्लायरला जुन्या, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा, पत्रातल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच असतील तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, मग बँकेला, मग बाकीच्यांना.

पुढच्या आठवड्यात एवढं करा: मंगळवारी विंडोजचा नवा पासवर्ड, बुधवारी मेलला ऑथेंटिकेटर, मग रोज डायरीतले दोन-तीन पासवर्ड मॅनेजरमध्ये चढवत जा, चढवताना प्रत्येक ठिकाणचा बदलून मशीनने बनवलेला टाका, तसाच जुना चढवून ठेवू नका. पंधरा दिवस लागतील. डायरी रिकामी झाली की रद्दीत घालू नका, रद्दीवाल्याकडून ती भेळवाल्याकडे जाते. पानं फाडून बारीक तुकडे करा, किंवा गावाकडे बंब पेटत असेल तर त्यात टाका.